यंत्राभोवती पाणी फिरवणारे सर

आमचे सर ‘नाही’ म्हणत नसत, ‘सापडलं नाही’ म्हणत. चहा फिका झाला तर “साखर घातली नाहीस का?” असं कधी विचारलं नाही त्यांनी. घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “साखर सापडली नाही.” जिन्यात कोणी अडवून विचारलं, निखिल वर आहे का, तर “मी उतरेपर्यंत तरी सापडला नव्हता.” निखिल म्हणजे आमच्याकडे मशीनवर बसणारा मुलगा. तो म्हणायचा, “सरांना मुलगी बघायला नेलं असेल ना, तेव्हा पण बोलले असतील, अजून तरी दोष सापडला नाही.”

सरांचं म्हणणं असं, की “‘नाही’ म्हणायचा अधिकार देवाला. आपल्याकडे एवढीशी पट्टी. तिला दिसतं तेवढंच आपण बोलायचं.”

ती पट्टी म्हणजेच आमचं सगळं दुकान. महाप्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर एक गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनायचे, वर आमच्या पट्ट्या. बोटाएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या शाईच्या तीन रेघा. पाण्यात ती बुडवायची, वरचं टोक जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्राला जोडायचं. पाण्यात शिसं, कॅडमियम असला विषारी धातू कणभर जरी असला, तरी मोबाईलच्या पडद्यावर त्याचा डोंगर उठतो. कणभर म्हणजे किती, तर सर सांगायचे, भरल्या टँकरमध्ये चिमूटभर. हे सगळं सरांनी डोक्यातून काढलेलं. धंदा बघायच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, सायली मॅडम. मशीनवर निखिल. आणि बाटल्या धुवायला मी.

या सरांमुळेच माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि त्यांच्यामुळेच ती राहिली. आता त्यांच्या गुडघ्यांनी आमचा जिना बंद केलाय, खारघरच्या घरीच असतात. पण गाळ्यात कोणी जरा मोठ्याने शिंकलं तरी मी अजून दाराकडे बघते, सर ओरडतील म्हणून. यंत्र चालू असताना शिंक म्हणजे त्यांच्या लेखी दरोडा.

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली आणि बिड्या वळायला बसले, ती लग्न होऊन इकडे येईपर्यंत. आमचे हे एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला गाड्या भरतात. घणसोली गावात एक खोली भाड्याने. माझा स्वभाव मुळातच घाबरा. कोणी नुसती हाक मारली तरी आधी हातातलं खाली पडतं आणि मग तोंडातून ‘आले’ निघतं. नोकरी विचारायला गेले त्या दिवशी तर दारातच दोनदा चपला काढल्या आणि घातल्या.

“शिक्षण?” मॅडमनी विचारलं.

“आठवी... नाही जी, सातवी पास. आठवीत सोडली.”

सर कोपऱ्यात पाठ करून बसलेले. तसेच बसून त्यांनी विचारलं, “आणि मग काय केलंस?”

“बिड्या वळत होती जी.”

“दिवसभर एकच काम, एकसारखं? कंटाळा नाही यायचा?”

“आला तरी काय करता जी. बिडी तर सारखीच वळा लागते.”

सर वळले. “म्हणजे कंटाळा आहे, पण बिडीत सापडत नाही. सायली, ही चालेल. हात पुढे कर गं.”

माझ्या बोटांवर त्यांनी स्वच्छ पाणी ओतलं, खाली बाटली धरून ते झेललं, आणि तीनदा पट्टी लावली. तिन्ही वेळा पडद्यावर टेकाड उठलं. मला वाटलं, झालं, गेली नोकरी, अजून लागायच्या आत.

“कुंकू कुठलं लावतेस?”

मी कपाळाला हात लावला. “बाजारातलं जी, सुट्टं.”

“त्यात शिसं आहे. तुझ्या बोटांवर आलं, तिथून बाटलीत जाईल.” एवढंच म्हणाले. कुंकू लावू नको, असं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर टिकल्यांचं पाकीट ठेवलं. “ह्या लाव. तपासून आणल्यात.” दुकानात किती पाकिटं फोडली असतील, दुकानदाराला काय सांगितलं असेल, देव जाणे. माझं नाव त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढेही नाही. मी ‘भंडारा’. “भंडारा, ट्रे आण.” “भंडारा, जेवलीस का?” गावापासून इतकं लांब येऊन कोणी दिवसातून दहा वेळा जिल्ह्याचं नाव घेतो, याचं मला फार बरं वाटायचं.

यंत्र काय करतं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं, पण सर न विचारता सांगायचे आणि विचारलं की चिडायचे.

“हे बघ भंडारा, लग्नाची पंगत असते ना? आधी आपण आग्रह करून सगळ्यांना पट्टीवर बसवतो. या बसा, या बसा. पाण्यात जेवढे धातू असतील तेवढे येऊन बसतात. मग हळूहळू वीज बदलत न्यायची, म्हणजे उठा आता, झालं जेवण. जो तो आपापल्या वेळेला उठतो. जस्त घाईचं, ते पहिलं. मग कॅडमियम. मग शिसं. तांबं सगळ्यात शेवटी, पान खाऊन. उठताना जो तो जरा धक्का देतो. तो धक्का आपण मोजायचा. कोण उठलं ते वेळेवरून कळतं, किती जण उठले ते धक्क्यावरून.”

मी म्हटलं, “आणि कोणी जेवायला आलंच नसलं तर?”

सर इतके खूश झाले की स्वतःचा चहा मला दिला.

पट्टी हाताशी असल्यावर माणूस जगात सुखाने फिरू शकत नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. खिशात छोट्या बाटल्या कायम. एपीएमसीच्या मसाला मार्केटला ते हळद घ्यायला गेले की गाळेवाले एकमेकांना खुणा करायचे. फार पिवळी हळद दिसली की सर चिमूटभर उचलून बाटलीत टाकणार, आणि पैसे विचारले तर म्हणणार, “उद्या सांगतो, घ्यायची की नाही.” एकदा आमच्या ह्यांनी तिथे त्यांना बघितलं आणि घरी येऊन मला म्हणाले, “तुझ्या सरांना मार्केटमध्ये हळदवाले काका म्हणतात, आणि प्रेमाने नाही म्हणत.” त्यांच्या सोसायटीत सत्यनारायण झाला तेव्हा सगळे प्रसाद तोंडात टाकत होते आणि सर बाटलीत. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “सर, निदान आजचा दिवस!” सर म्हणाले, “देवाला आधी दाखवलाय ना नैवेद्य? मग मला दुसऱ्यांदा दाखवा.”

घरचा डबाही सुटायचा नाही. काकूंनी वर्षानुवर्षं सोसलं आणि एक दिवस डब्यात नुसतं मीठ पाठवलं. वर पोळीऐवजी निरोप, फोनवर: “हे तपासा आणि हेच जेवा.” सरांनी खरंच तपासलं. मग माझ्या डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. न तपासता! मी मनातल्या मनात तो दिवस जपून ठेवलाय.

सरांचा आणखी एक नेम होता. एकदा लावून आलेला आकडा ते तोंडावाटे काढायचे नाहीत. “एक रीडिंग म्हणजे कुजबुज. दोन म्हणजे बातमी. तीन झाली की मग माणसाने तोंड उघडावं.” निखिलची घाई असायची, “सर, सेम टू सेम येणार आहे, कशाला?” त्यावर सर नुसते पट्टी पुढे करायचे.

आता लोट्याचं सांगायला हवं, कारण माझी नोकरी त्यात अडकली होती.

गाळ्यात खाणंपिणं आणायला सक्त बंदी. पाण्याच्या बाटल्यासुद्धा दाराबाहेरच्या फळीवर. पण सरांचा स्वतःचा पितळी लोटा मात्र आत यायचा. राजापूरकडचा, त्यांच्या आईच्या हातचा, आतून कल्हईचा. सकाळी पहिली पट्टी लावायच्या आधी सर चपला काढायचे, लोट्यातलं पाणी उजव्या तळहातावर घ्यायचे आणि जेवायला बसताना ताटाभोवती फिरवतात तसं यंत्राभोवती फिरवायचे. मग लोटा तोंडाला न लावता वरून दोन घोट, आणि कामाला सुरुवात.

“सर, हे सायन्समध्ये बसतं का?” निखिलने एकदा विचारलं.

“बसत नाही. ताटाभोवती फिरवतो ते तरी कुठे बसतं? ज्याच्यावर जेवतो त्याला आधी नमस्कार. त्या ताटात अन्न असतं, ह्या ताटातून येतं.”

मला हे इतकं पटायचं, की सर नसले तर मी लांबूनच त्या यंत्राला हात जोडून घ्यायची. आधीच्या कंपनीत लोटा आत नेऊ देईनात म्हणून सरांनी नोकरी सोडली, असं मॅडम सांगायच्या. सरांना विचारलं तर म्हणाले, “कारणं बरीच होती. शोधली तर त्यात लोटाही सापडेल.”

लोट्याला दरवर्षी गावी कल्हई व्हायची. गुडघे दुखायला लागल्यापासून गावी जाणं राहिलं आणि आतून पिवळे डाग दिसायला लागले. सर रोज लोट्यात डोकावून उसासे टाकायचे. “सगळी नवी मुंबई पालथी घातली. कल्हईवाला सापडत नाही.”

आणि एका सकाळी घणसोलीत आमच्या घरमालकीणबाई गल्लीतून ओरडल्या, “अगो, कल्हईवाला आयलाय! भांरी हायेत का तुझी?” माझ्याकडे सगळं स्टीलचं. पण मी धावत जाऊन सरांना फोन लावला. सर लागलेली पट्टी तशीच सोडून रिक्षाने आले. गुडघे विसरून भट्टीशेजारी उकिडवे बसले. भांडं तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्याने कल्हई आत फिरली आणि लोटा आरशासारखा झाला. सर त्यात आपलं तोंड बघत म्हणाले, “भंडारा, आज तू माझ्यावर उपकार केलेस.” ज्यांनी मला उभं केलं त्यांच्या मी काही कामी आले, या आनंदात मी कितीतरी दिवस जमिनीला पाय न लावता चालत होते.

त्यानंतर काही दिवसांनी शेठचा फोन आला. शेठ म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. खारघरच्या टॉवरांतलं बोअरचं, टाक्यांचं पाणी ते आमच्या पट्ट्यांवर तपासून द्यायचे. पट्ट्यांबरोबर आम्ही छोट्या बाटल्यांत कोरं पाणी पाठवायचो. कोरं म्हणजे ज्यात काहीही सापडता कामा नये. आधी कोरं पाणी लावून बघायचं, मग सोसायटीचं.

“मॅडम, आपके कोरे पानी में ही लेड आ रहा है,” शेठ म्हणाले. “अब मैं टेस्ट किसका करूं? सोसायटी का, की आपका?” ऑर्डर थांबली.

मॅडम वाईट नव्हत्या. पण पाणी विकतचं, ॲसिड विकतचं, बाटल्या नव्या. मध्ये माणूस एकच, धुणारी मी. “ताई, नीट धुता ना?” त्यांनी विचारलं. मग दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मग विचारणं बंद झालं, आणि निखिलने मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, टेन्शन घेऊ नका, पण एक बीएस्सीवाली येतेय इंटरव्ह्यूला. तुमच्या जागेवर.”

टेन्शन घेऊ नका म्हणे! पोरगी नुकती शाळेत रुळली होती. खोलीचं भाडं ह्यांच्या एकट्याच्या कमाईत बसत नव्हतं. रात्री मी ह्यांना म्हटलं, “परत जा लागते वाट्टे गावाले.” हे पोरीच्या दप्तराकडे बघत राहिले.

मी बाटल्या दोनदा धुवायला लागले, मग तीनदा. ॲसिडच्या पाण्यात भिजवायच्या, शुद्ध पाण्याने खळखळवायच्या, आणि सरांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर उपड्या घालायच्या. गाळ्यात सगळ्यात स्वच्छ जागा तीच, म्हणून सरांनीच नेमून दिलेली. तरी कुठल्या बाटलीत शिसं यायचं, कुठल्या बाटलीत यायचं नाही.

“धुण्यात दोष सापडला नाही,” सरांनी मॅडमना सांगितलं.

“मग दोष कशात आहे, सर?”

“तोही सापडला नाही.”

“सर, शेठला हे सांगू मी?”

मग सरांनी गाळ्याची झडती घेतली. एसीची धूळ. साबण. हातमोजे. माझ्या बांगड्या. निखिलच्या केसांची जेल; निखिल म्हणाला, “सर, ही ब्रँडेड आहे!” सर म्हणाले, “शिसं ब्रँड बघत नाही.” मॅडमची लिपस्टिक मागितली तेव्हा त्या खरंच रागावल्या, पण दिली. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा. सगळं निर्दोष. मला एकेक निर्दोष वस्तू म्हणजे माझ्याकडे सरकलेलं एकेक बोट वाटायचं. शेवटी राहणार कोण? मीच.

बीएस्सीवाली मुलगी आली ती सकाळ. खारघरचीच, नीटनेटकी, फाईल छातीशी धरून दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. मॅडम यायच्या होत्या. मी बाटल्या उपड्या घालून बाजूला उभी. आज शेवटचं, असं मनाशी धरूनच आले होते. सर आले. चपला काढल्या. तळहातावर पाणी घेतलं आणि हात फिरवायला लागले.

हात अर्ध्यावर थांबला.

बोटांतून चार थेंब टेबलावर पडले होते. पांढऱ्या कागदावर ओल पसरत गेली आणि पुढच्या रांगेतल्या बाटल्यांच्या तोंडाला जाऊन टेकली. सर ती ओल बघत राहिले. मग लोट्यात बघितलं. मग पुन्हा ओलीकडे.

“निखिल,” ते अगदी हळू म्हणाले, “पट्टी लाव. ह्या पाण्याला.” आणि लोटा पुढे केला.

निखिलने पट्टी लावली. जस्त उठलं, थोडंसं. कॅडमियम आलंच नव्हतं. आणि मग शिसं उठलं, ते उठतच गेलं. पडद्यावर पारसिकचा डोंगर उभा राहिला.

“आलं!” सर ओरडले. लहान मुलाला हरवलेला चेंडू मिळावा तसे. “निखिल, आलं बघ! पुन्हा लाव!” पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा तेवढंच. तिसरं झाल्यावर मात्र सर खाली बसले आणि लोटा त्यांनी मांडीवर घेतला.

“कल्हईचं कथील शुद्ध असतं तर काही नव्हतं. पण कथील महाग. त्यात शिसं मिसळून विकतात. त्या बिचाऱ्यालाही माहीत नसेल.”

मी पदर डोळ्यांना लावला. “सर, कल्हईवाला तर मीच सांगतला जी तुमाले...”

“तू कल्हईवाला दाखवलास. पाणी फिरवायला तू आली होतीस का?” सर एकदम कडाडले. “रडतेस काय? तुझ्या घरमालकिणीला फोन लाव आधी. त्यांनी काय काय करून घेतलंय?”

मी फोन लावला. “मावशी, त्या कल्हईच्या भांड्यात काही शिजवू नका, त्यात शिसं आहे!”

“अगो आता सांगतंस?” मालकीणबाई म्हणाल्या. “आंबट कालवन झाला, जेवून पन झाली सगली. तुझ्या मास्तरला सांग, हंडी घेऊन येतंय मी, त्याला काय करायचाय ता कर म्हनावा.”

सर दारातल्या मुलीकडे वळले. “तू बघितलंस ना सगळं? किती वेळा लावली पट्टी?”

“तीन वेळा, सर.”

“एकदा बघून उठली नाहीस. पट्ट्यांवर रेघा छापायला माणूस हवंच आहे.”

मॅडम आल्या, सगळं ऐकलं, आणि कपाळावर हात मारून माझ्याजवळ आल्या. “ताई, सॉरी,” म्हणाल्या, आणि ते त्यांना सोपं गेलं नाही हे दिसत होतं. मग सरांना म्हणाल्या, “शेठना आता सांगते, धुण्याची पद्धत सुधारली म्हणून. लोटा-बिटा नको सर. हसतील. आपण लॅब आहोत.”

“धुण्यात काय सुधारलं?” सरांनी विचारलं.

मॅडमनी उपड्या बाटल्यांकडे बघितलं.

“फोन लाव. आणि तो स्पीकर का काय तो, तो चालू कर.”

सरांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त घाईत बोललेली. “शेठ, गलती मिल गया. हमारा लोटा था.”

“क्या था, सर?”

“लोटा. पीतल का. हम रोज सुबह मशीन को पानी फिराता है.”

“मतलब... मशीन की पूजा?”

“पूजा नहीं. जैसे जेवने के पहले थाली को फिराता है. उसमें नया कल्हई किया, कल्हई में लेड था, पानी बॉटल को लगा. तीन बार देखा.”

निखिल भिंतीकडे तोंड करून हसत होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांचा आवाज बदलला. “सर, वो कल्हईवाला किधर बैठता है? मेरी मदर ने पिछले महीने घर के सब पतीले करवाये हैं.”

“सब लेके आओ. फुकट में देखेगा. तब तक उसमें खट्टा कुछ मत पकाओ.”

“कल ही लाता हूं. और सर, नया लॉट भी कल ही दे दो.” मग शेठना काही आठवलं. “लेकिन मॅडम तो बोली थीं, वो बॉटल धोनेवाली बाई को चेंज कर रहे हैं. कर दिया क्या?”

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. यंत्राशेजारचा लोटा उचलून त्यांनी दाराबाहेरच्या फळीवर, आमच्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या रांगेत नेऊन ठेवला, आणि तिथूनच फोनकडे बघत मोठ्याने सांगितलं, “बाई वही रहेगी, शेठ. लोटा चेंज किया.”

सगळा माल नव्याने धुवायचा होता. मी पदर खोचला.